भुतानं तोंड फिरवलं

"आजी, थांबू नकोस. चालत राहा," जुई शेजारच्या खुर्चीवरून सांगत होती.

मी मुद्दाम थांबले नव्हते. पडद्यावरची माझी बाई एका गंजलेल्या यंत्राला नाक लावून उभी राहिली होती आणि तिला तिथून हलवायचं कसं ते मला उमगत नव्हतं. हेडफोनमध्ये छातीचे ठोके मोठे व्हायला लागले. भूत जवळ आलं की असे ठोके ऐकू येत. मग मागून एक लांब काळा हात आला, त्यानं माझ्या बाईला उचलून खांद्यावर टाकलं आणि नेऊन पिंजऱ्यात कोंडलं.

"झालं. आजी पहिली," हेडफोनमध्ये मिहीर म्हणाला. तो जुईच्या वर्गातला, आपल्या घरून खेळायचा. त्याची धाकटी बहीणही आमच्यात असे, पण ती फारसं बोलत नसे.

जुई बटणं दाबता दाबता पुटपुटली, "नीच आहे हा माणूस. आजी सोडून दुसरं कोणी दिसतच नाही याला."

या गोष्टीला आठ-नऊ वर्षं झाली. मी तेव्हा सत्तरीला टेकले होते आणि पुण्याला पिंपळे सौदागरमध्ये मुलाकडे, श्रीरंगकडे, राहत होते. जुई माझी नात, अकरावीत. तिच्या खोलीत दोन टेबलं जोडून ठेवली होती. एकावर तिचा लॅपटॉप, दुसऱ्यावर श्रीरंगचा जुना कॉम्प्युटर. संध्याकाळी ती क्लासहून आली, चहा झाला, की आम्ही दोघी तिथे बसायचो.

खेळ असा होता. एक बंद पडलेली कापडगिरणी, धुरानं भरलेली. बाहेर जायचं फाटक बंद. आत चार माणसं आणि एक भूत. भूत म्हणजे तेही कुणीतरी माणूसच, कुठल्यातरी गावात आपल्या घरी बसून खेळणारं. चौघांनी गिरणीतले दिवे शोधून लावायचे. एकेका दिव्यापाशी बराच वेळ उभं राहावं लागे, तेव्हा कुठे तो लागे. सगळे लागले की फाटक उघडणार. भुतानं त्याआधी एकेकाला धरून पिंजऱ्यात घालायचं. इतरांनी येऊन सोडवलं तर कोंडलेला पुन्हा पळायला मोकळा, पण तिसऱ्यांदा कोंडला गेला की बाद. आम्ही गल्लीत लपंडाव खेळायचो त्यातलाच प्रकार, फक्त इथे ज्याच्यावर राज्य तो सगळ्यांपेक्षा जोरात पळणारा. खेळाचं इंग्रजी नाव माझ्या जिभेवर कधी बसलं नाही. आम्ही घरात त्याला भूत-भूत म्हणायचो.

मी त्यात आले ती माझ्या हातामुळे. दिवाळी होऊन थोडे दिवस झाले असतील, फलटणला माझ्या घरी सकाळी अंघोळीचं पाणी काढताना बादली हातातून सुटली. वाकून उचलायला गेले तर डावा हात आलाच नाही. शेजारच्या रजनीवहिनींनी माझी हाक ऐकली म्हणून बरं. दवाखाना झाला, आणि श्रीरंग मला पुण्याला घेऊन आला. बोलणं परतलं, चालणं परतलं. डावा पाय जरा मागे राहायचा आणि डावा हात रुसल्यासारखा झाला होता. व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या, त्या रबरी चेंडू दाबायला लावत, वाटीतले वाटाणे उचलायला लावत. मला त्याचा कंटाळा आला. तेव्हा जुई म्हणाली, आजी, खेळात डाव्या हाताच्या बोटांनी चार बटणं दाबायची असतात, पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. व्यायामाच्या बाई हसल्या, पण खेळा म्हणाल्या. म्हणजे माझ्या डाव्या हाताची बोटं हेच त्या पडद्यावरच्या बाईचे पाय होते. हात जसा चालेल तशी ती चालणार.

हेडफोनचं मात्र मला काही वाटलं नाही. फलटणच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी उभा जन्म काढला. कानावर ते चढवून माणसं जोडून द्यायची, लांबून येणारा आवाज ओळखायचा, हेच माझं काम होतं. आमचे हे शाळेत शिकवत. दोघांनी मिळून शिक्षक कॉलनीत ब्लॉक घेतला, दोन खोल्या आणि मागे अंगण. हे गेल्यावर मी तिथे एकटीच राहत होते, आणि बरी राहत होते. सकाळी अंगणात खुर्ची टाकून चहा प्यायचा, दार उघडं टाकून बसायचं, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलायचं. मला तिथे परत जायचं होतं.

श्रीरंगजवळ विषय काढला की तो म्हणायचा, बघू. तो वाईट मुलगा नव्हे. पण त्याचं बघू म्हणजे काय ते मला त्याच्या लहानपणापासून माहीत आहे. मार्चच्या सुमारास त्याच्या ओळखीतून एक बँकेतले साहेब निघाले, त्यांची बदली जूनपासून फलटणला होणार होती आणि त्यांना घर हवं होतं. श्रीरंग मला म्हणाला की घर बंद ठेवून खराब होतं, कुणीतरी राहिलेलं चांगलं. मेअखेर त्यांना काय ते कळवायचं होतं. एकदा त्यांची भांडी माझ्या ओट्यावर लागली की माझं परत जाणं संपलं, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही.

घरात सगळे माझ्याशी फार जपून वागत. अनघा, माझी सून, मी विळी पुढे ओढली की हसत हसत काढून घ्यायची. चहाचा कप मला अर्धाच भरून मिळायचा. रविवारी आम्ही रमी खेळायचो, त्यात श्रीरंग नेमकं मला हवं तेच पान टाकायचा. मी जिंकले की सगळे टाळ्या वाजवायचे. मी विचारायचे, माझा हात कसा वाटतो तुम्हाला? छान सुधारतोय, असं सगळे एका सुरात म्हणायचे.

भूत मात्र रोज आधी माझ्याच मागे लागायचं.

ते भूत बहुतेक वेळा एकच असे, त्या वेळेला खेळणारं. 'वेताळ' असं नाव घेतलेलं. खेळात हुशार होतं, त्यामुळे जुई आणि मिहीर त्याच्याशीच खेळायला बघत, हरवायची ईर्ष्या होती त्यांना. पण ते मला धरायचं, कोंडायचं. मिहीर जीव टाकून येऊन मला सोडवायचा, की भूत बाकीच्या तिघांना सोडून पुन्हा माझ्यावर यायचं. जुई सांगायची की नुकतं सोडवलेल्याच्या मागे लगेच लागू नये, असा खेळणाऱ्यांमध्ये एक न लिहिलेला नियम असतो, चांगली माणसं तो पाळतात. तिनं वेताळला तसं टाइप करून पाठवलं होतं. उत्तर आलं, "खेळात उतरले ना? मग?"

जुई दोन दिवस धुमसत होती. मला राग येत नव्हता. का येत नव्हता ते मला तेव्हा कुणी विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं.

एप्रिलमध्ये एकदा काय झालं, मी सुटले. दिवे लागले, फाटक उघडलं आणि माझी बाई लंगडत लंगडत बाहेर पडली. माझा माझ्यावर विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. भूत माझ्या बाजूला फिरकलंच नाही. तिसऱ्या दिवशी मी स्वतः एक दिवा लावला. मिहीर म्हणाला, आजी एकदम फॉर्मात. मी रात्री जेवताना सगळ्यांना सांगितलं की हात आता माझं ऐकायला लागलाय, खेळात बघा, भुताच्या हाती लागत नाही मी. जूनमध्ये मी फलटणला जाते, बँकेच्या साहेबांना नाही म्हणून सांग.

श्रीरंगनं जुईकडे पाहिलं. जुईनं ताटाकडे पाहिलं. अनघानं मला न मागता आमटी वाढली. "बघू," श्रीरंग म्हणाला.

मला वाटलं, पोरं चकित झाली आहेत.

त्यानंतर चार-सहा दिवसांनी मी गिरणीच्या बॉयलरमागे एका दिव्यापाशी उभी होते. ठोके वाढले तसं मी पळायला निघाले, पण बोटं आखडली आणि माझी बाई कोपऱ्यात जाऊन अडकली. मी वळून पाहिलं तर भूत समोर. इतकं जवळ मी त्याला कधी बघितलंच नव्हतं, कारण एरवी ते मागून यायचं. चेहरा काळ्या फडक्यात गुंडाळलेला, हात गुडघ्यापर्यंत. ते उभं राहिलं. मीही उभी. ठोके कानात नुसते धडधडत होते. आणि मग भुतानं तोंड फिरवलं आणि सावकाश निघून गेलं, आपण एखाद्या घरात चुकून शिरतो आणि बाहेर पडतो तसं.

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"जुई, त्यानं मला सोडलं."

"अं? दिसली नसशील तू."

"मी त्याच्या समोर उभी होते."

जुईनं खेळ तसाच टाकला. मिहीर हेडफोनमधून काहीतरी विचारत होता, तिनं त्याचा आवाज बंद केला.

"मी सांगितलं तिला," ती म्हणाली.

"तिला?"

"मुलगी आहे ती. रोशनी नाव आहे. यवतमाळकडे वणी म्हणून गाव आहे, तिथली. मी तिला मेसेज केला, की आमच्यात माझी आजी आहे, आजारातून उठलीये, तिला कच्चा लिंबू धर."

कच्चा लिंबू. आमच्या गल्लीत लहान पोरांना, आजारी पोरांना असं धरायचो. त्यांना खेळायला घ्यायचं, पण ती आउट झाली तरी आउट नाहीत, त्यांच्यावर राज्य यायचं नाही. बाकीच्यांनी एकमेकांना डोळ्यांनी खुणावायचं. आमच्यात सुमन म्हणून एक होती, पायानं अधू. ती किती हसायची पळताना. एक दिवस तिला खूण दिसली आणि ती घरात गेली. मग आम्ही कितीही हाका मारल्या तरी संध्याकाळी ती खिडकीत बसून राहायची.

"मला बघवत नव्हतं गं," जुई म्हणाली. "रोज तुलाच धरायची. तू काही बोलायची नाहीस, नुसती हात चोळत बसायचीस."

"एकदा तरी मी खरी सुटले का?"

तिनं आपले हेडफोन काढून माझ्या हेडफोनशेजारी ठेवले.

"बाबांना माहीत आहे?"

तिनं हो म्हणून मान हलवली. डोळे भरून आले होते. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, उजवा, आणि खोलीबाहेर आले.

तीन-चार दिवस मी तिकडे फिरकले नाही. जुई रोज बोलवायला यायची, मी डोकं दुखतंय म्हणायचे. आडवी पडून पंख्याकडे बघायचे. मनात यायचं की हीच माणसं बरोबर असतील. आपल्याला वाटत होतं हात सुधारला, तो तर नुसताच सगळ्यांनी सुधारवून ठेवला होता. श्रीरंगला सांगून टाकावं की दे बाबा घर भाड्यानं. दोनदा मी ते सांगायला म्हणून उठलेही. पण एक गोष्ट मला छळत होती, आणि ती विचारल्याशिवाय चैन पडेना. मी जुईला म्हटलं, तुझ्या त्या भुताशी मला बोलायचंय.

जुई घाबरली. तिला वाटलं मी भांडणार. तिनं फोन लावून दिला आणि दाराशी उभी राहिली. पलीकडून आवाज आला तो इतका कोवळा आणि बारीक, की क्षणभर मला वाटलं चुकीचा नंबर जोडला गेला.

"आजी, रागावल्या का माझ्यावर?"

"रागावले. सोडलंस म्हणून. धरत होतीस तेव्हा नाही."

ती म्हणाली की जुईनं सांगितलं म्हणून सोडलं, तिला स्वतःला असं खेळायला आवडत नाही. मी विचारलं, आधी मलाच का धरायचीस?

"आता खरं सांगू का?"

"खरंच सांग. त्यासाठीच फोन केलाय."

"तुमी सगळ्यात कमजोर होत्या ना. कमजोराले आधी काढलं का चाराचे तीन रायतात. मंग दिवे लवकर लागत नाही." आमटीला फोडणी कशी द्यायची ते सांगावं, इतक्या सहज तिनं सांगितलं.

"कमजोर म्हणजे मी काय करत होते?"

"तुमी डावीकडं वळतच नाही, आजी. कधीच नाही. मले माहीत रायते का ही बाई उजवीकडूनच निंगणार. मी तिथं जाऊन उभी. अन् डावीकडची भिंत तुमाले दिसते का नाही थेच समजत नाही मले. तुमी सरळ जाऊन धडकता."

मी खांद्यावरचा पदर बाजूला केला. डाव्या दंडावर हिरवंनिळं झालं होतं. न्हाणीघराच्या दाराची चौकट. रोज लागायची. मी म्हणायचे या फ्लॅटांची दारं अरुंद असतात. मग एक दिवस त्या चौकटीला अनघानं स्पंजची पट्टी चिकटवली होती, आणि स्वयंपाकघराच्या दारालाही, दोन्हींच्या एकाच बाजूला. ती कशाला, हे मी विचारलं नव्हतं आणि कोणी सांगितलं नव्हतं. घरात ज्यांच्याबरोबर रोज जेवत होते त्यांनी पट्टी लावली. आणि वणीच्या या मुलीनं, जिनं मला कधी पाहिलंही नाही, मला काय होतंय ते सांगितलं.

"हॅलो, आजी? वाईट वाटलं का?"

"नाही. आणखी काय दिसलं तुला?"

"आणखी म्हणजे, लपता तुमी मस्त. मी येऊन राहिली हे तुमाले सगळ्यांच्या आधी ऐकू येते. थे कसं काय?"

मी तिला एक्स्चेंजबद्दल सांगितलं. ती म्हणाली, हाव का? तिचे वडील एसटीत मेकॅनिक होते, ती फार्मसी शिकत होती, आणि तिच्या आजीला मोबाइल उचलतासुद्धा येत नव्हता. थोडा वेळ आम्ही असंच बोललो. मग मी म्हणाले,

"रोशनी, उद्यापासून मला धरायचं."

"जुई रागवन ना."

"जुईचं मी बघते."

"पण मी तर मग सोडवल्यावर बी तुमच्याच मागं येईन. पुन्हा पुन्हा येईन. मले जिंकायचं रायते."

"ये."

"पाहा बाप्पा," ती म्हणाली, आणि हसली.

दाराशी जुई उभीच होती. मी तिला म्हटलं, तुझं माझ्यावर प्रेम आहे ते मला कळतं, पण मला कच्चा लिंबू करायचं नाही. तिनं नुसती मान हलवली.

डावीकडचं बटण करंगळीशेजारच्या बोटाखाली होतं, आणि ते बोट मेलंच होतं जणू. मी त्याच्याच मागे लागले. व्यायामाच्या बाईंना मी सरळ विचारलं की माझी डावी बाजू मला दिसत नाही, हे खरं की नाही. त्या जरा गडबडल्या, मग म्हणाल्या, दिसते, पण मेंदू तिकडे लक्ष देत नाही, मुद्दाम मान वळवून बघायची सवय लावावी लागेल. हे मला आधी का नाही सांगितलं, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, तुमच्या घरच्यांना सांगितलं होतं. त्या दिवसापासून मी घरात फिरताना प्रत्येक दारात थांबून आधी डावीकडे मान वळवायला लागले. अनघाला वाटायचं मी कुणाला तरी शोधतेय.

संध्याकाळी रोशनी मला धरायची. तिनं शब्द पाळला. सुरुवातीला तर मी पूर्वीपेक्षा लवकर सापडायला लागले, कारण डावीकडे वळायच्या नादात उजवीकडचंही विसरायचे. मग एकदा बॉयलरला डावीकडून वळसा घातला आणि मागे तिची पावलं चुकून पुढे गेलेली ऐकली. धरलंच तिनं, पण जरा उशिरा. पुढे पुढे त्या वळशाचे दोन व्हायला लागले, मग तीन. तिच्या लक्षात आलं की ती दुसरी वाट धरायची, आणि मला पुन्हा नवीन शिकायला लागायचं.

मेअखेरचा रविवार आला. त्या दिवशी बँकेच्या साहेबांना फोन करायचा होता. श्रीरंगनं सकाळी मला विचारलं, आई, काय सांगू त्यांना? म्हणजे त्याचं ठरलेलं होतं, मला वाईट वाटू नये म्हणून विचारत होता. मी म्हटलं, फोन जेवणानंतर कर, आधी जुईच्या खोलीत येऊन बस. तो म्हणाला, आता खेळ कुठे, आई. पण आला. पलंगाच्या कडेवर बसला. अनघा दारात उभी राहिली.

रोशनी सुरुवातीपासून माझ्यावर आली. मी तिला आधी ऐकलं आणि निघाले. बॉयलर, मग सूत कातायच्या यंत्रांची रांग, मग पुन्हा बॉयलर. डावीकडे, डावीकडे. बोट दुखत होतं. जुई हळूच म्हणाली, एक दिवा लागला. मी पिंजऱ्यात गेले तोवर दुसरा लागत आला होता. मिहीरच्या बहिणीनं येऊन मला सोडवलं, आणि रोशनी तिच्याकडे ढुंकूनही न बघता पुन्हा माझ्यामागे. श्रीरंग पुढे सरकून बसला. दुसऱ्या खेपेला मी फार टिकले नाही, भिंतीला धडकले. मिहीरनं सोडवल्यावर तिसऱ्या खेपेला मी तिला गिरणीच्या पार दुसऱ्या टोकाला नेलं, जिथे एकही दिवा नव्हता. तिथे तिनं मला धरलं आणि मी बाद झाले. पडदा काळा झाला. जुईच्या पडद्यावर मी पाहिलं, फाटक उघडलं होतं, आणि ती, मिहीर, त्याची बहीण तिघंही बाहेर पळत होती.

श्रीरंगनं विचारलं, "ती सारखी तुझ्याच मागे का येते?"

"कारण मी सगळ्यांत कमजोर आहे. तिला ते दिसतं. तुम्हाला दिसत नव्हतं?"

त्यानं अनघाकडे पाहिलं. "दिसत होतं."

"मग चौकटीला पट्टी लावलीत, आणि मला सांगितलं नाहीत."

"तुला वाईट वाटलं असतं, आई."

"वाटलंच असतं. मग मी डावीकडे बघायला लागले असते, ते आत्ता लागले."

तो खाली बघत म्हणाला, "तिकडे पडलीस तर?"

"पडेन एखाद्या वेळी. गेल्या महिन्यात मी तुला म्हटलं, हात बरा झाला, मला आता काही होत नाही. ते खरं नव्हतं. आज सांगते, हा हात पूर्वीसारखा होणार नाही. डावी बाजू अशीच राहणार. हे धरून मला फलटणला राहायचंय. न्हाणीघरात उजव्या हाताला दांडी बसवून दे. किल्ली रजनीवहिनींकडे राहील. सकाळी मी तुला फोन करीन, नाही आला तर तू त्यांना करायचास."

"आणि जमेनासं झालं तर?"

"तर तू मला तसं सांगायचंस. रमीतली पानं सोडायची नाहीत. सरळ सांगायचंस, आई, आता जमत नाहीये. मी ऐकीन."

अनघा दारातून आत आली आणि माझ्याजवळ येऊन बसली, डाव्या बाजूला. मी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तिनं माझा तो हात आपल्या मांडीवर घेतला आणि बोटं चोळायला लागली. जुई फोनमध्ये रोशनीला काहीतरी टाइप करत होती.

श्रीरंग उठला. खिशातून मोबाइल काढून गॅलरीत गेला. दार अर्धं उघडं होतं आणि कान माझे पहिल्यापासून तिखट. नमस्कार, साहेब, असं म्हणून तो थोडा वेळ पलीकडचं ऐकत राहिला. मग घसा खाकरला.

"नाही हो," तो म्हणाला, "ते घर रिकामं नाही. तिथे माझी आई राहते."